परवडणं

माझ्या लेकीला मोटार चालवायचा परवाना मिळायला अजून वर्षभर आहे. जयनगरातल्या आमच्या घरापासून चौथ्या ब्लॉकच्या बाजारापर्यंत तिने गाडी नेली तर पोलीस मला धरतील, आणि बरोबरच धरतील. पण कोइमतूरजवळच्या ट्रॅकवर ती शर्यतीची गाडी चालवते आणि ते कायद्याला धरून आहे. त्यासाठी मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा वेगळा परवाना लागतो. तिला अठरा पूर्ण नसल्यामुळे त्या अर्जावर माझी सही आहे. अनुवादाच्या करारांवर मी आजवर बहुतेक न वाचताच सह्या केल्या आहेत. हा अर्ज मात्र मी तीनदा वाचला.

कोणती गाडी, कुठला वर्ग, किती पैसे हे ठरवण्यात २०२४चा आमचा सगळा उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे.

सुरुवात साधीच झाली होती. नऊ वर्षांची असताना ती एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला भाड्याच्या गो-कार्ट चालवायला गेली. परत आली तेव्हा केकबद्दल एक अक्षर नाही, फक्त एका वळणाबद्दल बोलत होती. पुढे भाड्याची कार्ट सुटली आणि शर्यतीची आली. शर्यतीची कार्ट म्हणजे चार चाकांवर ठेवलेला नळ्यांचा सांगाडा. तिला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवलेली असतात. त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती नीट वळते, आणि ते उचलायला सांगाड्यालाच वाकावं लागतं. सीटच्या बाजूला रोटॅक्सचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. रस्त्यातली प्रत्येक उचकी थेट चालवणाऱ्याच्या बरगड्यांत उतरते. सोमवारी शाळेत जाताना ती डाव्या कुशीवर हात ठेवून चालायची आणि कुणी विचारलं तर खोकला आहे म्हणायची.

बेंगळुरूच्या मेको कार्टोपियाच्या ट्रॅकवर आमचे कितीतरी रविवार गेले. मी कुंपणाला टेकून अनुवादाची प्रुफं तपासायचो. या खेळात मला गती नाही, पण इतकी वर्षं उभं राहून एक गोष्ट कळली: कार्टिंग हे स्वस्त शिक्षण आहे असं सगळे म्हणतात, आणि ते फक्त पुढच्या इयत्तेच्या तुलनेत खरं आहे. टायर, इंजिनाची दुरुस्ती, सरावाचे दिवस, प्रवास. माझी बायको बँकेत आहे. तिने पहिल्या वर्षानंतर सगळी बिलं एका फायलीत लावली आणि फायलीवर 'कार्ट' असं न लिहिता 'क्लास' असं लिहिलं, म्हणजे गाण्याचा क्लास असतो तसा.

सोळा वर्षांची झाल्यावर लेकीने जाहीर केलं की कार्टिंग पुरे, आता गाडी. तिने लॅपटॉपवर एक तक्ता केला होता. वर इंग्रजीत मथळा होता: 'अफोर्डेबल क्लासेस'. माझं लक्ष आकड्यांकडे जाण्याआधी त्या शब्दाकडे गेलं. हा धंद्याचा रोग आहे.

कन्नडमधून मराठीत अनुवाद करताना हा शब्द मला बरेचदा आडवा आला आहे. कन्नडमध्ये त्याला 'कैगेटुकुव' म्हणतात, म्हणजे हाताला पोचणारं. वस्तू वर फळीवर आहे आणि हात तिथवर जातो, असं ते चित्र आहे. मराठीत आपण 'परवडणारं' म्हणतो, आणि परवडणं हे जरा वेगळं क्रियापद आहे. ते वस्तूबद्दल काही सांगत नाही. गाडी लाल असते, जड असते. पण ती नुसती परवडत नाही, कुणालातरी परवडते. तो 'कुणाला' आधी सांगावा लागतो. शिवाय त्याला दुसरा एक अर्थ आहे, जो हिशेबाच्या वहीत येत नाही. 'भांडण परवडलं, पण अबोला नको' असं आपण म्हणतो. दोन नको असलेल्या गोष्टींतली कोणती सोसता येईल, हे सांगणारा तो अर्थ. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या माणसाने मुलीच्या तक्त्यासमोर बसून हा विचार करत राहावं, यावर बायकोचा चेहरा कसा झाला असेल ते वाचकांनी समजून घ्यावं.

तक्त्यात पहिली ओळ फॉर्म्युला ४ची होती. कार्टिंगमधून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी जागतिक फेडरेशनने आखलेली ही पहिली पायरी. २०१४ साली इटलीत सुरू झाली आणि देशोदेशी पसरली. वयाची अट पंधरा वर्षं. भारतात ती २०२३ला आली. फ्रान्सच्या मिगाल कंपनीची गाडी, टर्बो इंजिन, स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी बदलायचे गियर, पुढे-मागे पंख, डोक्याभोवती 'हेलो' नावाची संरक्षक कमान. या पायरीवरून फॉर्म्युला ३, मग फॉर्म्युला २, मग तो एक दरवाजा ज्यातून जगातली वीस-बावीस माणसं एका वेळी आत असतात. मुंबईचा जेहान दारूवाला, आमच्या बेंगळुरूचे अर्जुन आणि कुश मैनी हे भाऊ, हे सगळे कार्टिंगमधून निघून युरोपातल्या या शिडीवर चढले. जेहान आणि कुश यांनी फॉर्म्युला २मध्ये शर्यती जिंकल्या. दरवाजा मात्र त्यांच्यासाठीही उघडला नाही. युरोपात या शिडीच्या पहिल्याच पायरीचा एका वर्षाचा खर्च कोटींत मोजतात. आपल्याकडे तो त्याहून पुष्कळ कमी. पण आम्हाला सांगण्यात आलेला आकडा मी बेळगावच्या दादाला फोनवर सांगितला तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "म्हणजे आपला प्लॉट की रे."

तो प्लॉट वडिलांनी घेतलेला. बेळगावच्या उद्यमबागेत त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. आता दादा चालवतो. पंप आणि व्हॉल्व्हचे भाग कातून द्यायचे, असं काम. प्लॉट आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे आणि वर्षानुवर्षं नुसता पडून आहे. दादा म्हणाला, "विकूया की. माझा हिस्सा पण पोरीच्या गाडीला घाल, मला नंतर बघून दे. फक्त तिला सांगू नको पैसे कशातून आले ते."

हे ऐकून मी इतका हललो की दोन दिवस घरात काही बोललो नाही.

त्या दोन दिवसांत तक्त्यातली दुसरी ओळ वाचली. तिथे 'एलजीबी फॉर्म्युला ४' असं लिहिलं होतं. नावात फॉर्म्युला ४ असलं तरी जागतिक फेडरेशनच्या फॉर्म्युला ४शी तिचा संबंध नाही. ही कोइमतूरची गाडी. मोटारसायकलच्या चेनवर 'रोलॉन' हे नाव आपण पाहिलेलं असतं. ती चेन बनवणारी एल. जी. बालकृष्णन कंपनी, तिच्या आद्याक्षरांवरून एलजीबी. नळ्यांचा सांगाडा आणि आत मारुती स्विफ्टचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन. आमच्या गल्लीत रोज सकाळी दूधवाल्याच्या मागे अडकून हॉर्न वाजवणारं तेच इंजिन.

या गाडीची वंशावळ शोधताना मी जरा रमलो. १९६७च्या जुलैत इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत झाली. कल्पना अशी की रेसिंगच्या शाळांत महागडी इंजिनं सतत मोडतात, तर फोर्डच्या साध्या घरगुती गाडीचं इंजिन बसवावं, साधे टायर घालावेत आणि अख्खी गाडी हजार पौंडांच्या आत बसवावी. अमेरिकेत त्याआधीच फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसी इंजिन घेऊन फॉर्म्युला व्ही सुरू झालं होतं. निकी लाउडा त्यात शर्यती खेळला. आयर्टन सेना कार्टिंग संपवून ब्राझीलहून इंग्लंडला आला तो १९८१ साली फॉर्म्युला फोर्डमध्येच. थोडक्यात, बाजारात मिळणारं इंजिन, सगळ्यांना सारखं, आणि नियमांनी खर्चाला घातलेलं झाकण. परवडणाऱ्या रेसिंगची जगभर हीच पाककृती आहे.

आपल्याकडे ती आणली कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. मद्रासजवळ शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची धावपट्टी होती, तिथे पन्नासच्या दशकापासून शर्यती होत. ज्यांना बाहेरून गाड्या आणता येत ते चमकत. विजय मल्ल्यांनी तिथे एन्साईन ही खरी फॉर्म्युला वन गाडी पळवली होती. बाकीचे जे हाताला लागेल ते खरवडून, वजन कमी करून आणत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि काही वर्षांत करिवर्धन यांनी तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन एकट्या माणसाने बसायची रेसिंग कार बनवली. तिचं नाव 'फिस्मे': फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन. कविता नाही, पण खोटंही काही नाही त्यात. लोकांनी पुढे तिला सरळ फॉर्म्युला मारुतीच म्हटलं. नारायण कार्तिकेयन या गाडीत सुरुवात करून २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोचणारा पहिला भारतीय झाला. २०१०ला पोचलेला करुण चंढोकही फॉर्म्युला मारुतीतूनच आलेला. करिवर्धन यांनी यातलं काही पाहिलं नाही. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमचा ट्रॅक त्यांच्या नावाने आहे: कारी मोटर स्पीडवे.

मी अनुवादक आहे, म्हणून मला ही गोष्ट ओळखीची वाटली. फॉर्म्युला फोर्ड हे मूळ. त्याचा शब्दशः अनुवाद करायचा तर फोर्डचं इंजिन आयात करावं लागलं असतं, आणि मग हजार पौंडांची ती अट, म्हणजे मूळाचा जीवच, हरवला असता. करिवर्धन यांनी वाक्य तसंच ठेवलं आणि शब्द गावातले घातले. इंजिन बंद पडलं तर भाग शोधायला कुठल्या परदेशी कंपनीला पत्र लिहायला नको. बेंगळुरूत असाल तर जे. सी. रोडवर जाऊन उभं राहायचं.

तक्त्यात तिसरी ओळही होती, छप्पर असलेल्या गाड्यांची. मद्रासच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर टूरिंग कारच्या शर्यती होतात, मध्यंतरी पोलो आणि इटिऑस यांच्या एकाच मॉडेलच्या शर्यती खूप गाजल्या. बायकोचं मत या ओळीला. "छप्पर तरी असेल," ती म्हणाली. तिच्या म्हणण्याला कारण होतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याच ट्रॅकवर बेंगळुरूचा तेरा वर्षांचा एक मुलगा मोटारसायकलच्या शर्यतीत गेला. त्या रविवारी आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. खेळ वेगळा, वाहन वेगळं, हे सगळं खरं. पण त्या आईबापांनीही कुठल्यातरी अर्जावर सही केलेली होती.

म्हणून बायकोने मला सरळ विचारलं, "स्वस्त गाडी म्हणजे स्वस्त सुरक्षितता का?" याचं गुळमुळीत उत्तर देता आलं असतं. खरं उत्तर असं की महाग फॉर्म्युला ४ची कार्बनची पेटी आणि हेलो हे नळ्यांच्या सांगाड्यापेक्षा जास्त सोसतात. स्वस्त गाडीचा वेग कमी असतो, हेही खरं. दोन्हीपैकी कशातच शून्य धोका नाही. शेवटी आमच्यात एवढं ठरलं की हेल्मेट, आग न धरणारा सूट आणि मान जागेवर धरून ठेवणारं उपकरण या तिन्हींत काटकसर नाही, भले बाकी सगळ्यात करावी लागो. ही तीन बिलं तिने 'क्लास'च्या फायलीत लावली नाहीत. देवघराच्या खणात ठेवली.

मग मी फोन करायला लागलो. गाडी विकत घ्यायची नसते. संघ ती भाड्याने देतो, मेकॅनिकसकट. आपण हेल्मेट घेऊन जायचं. तक्त्यात आकडा होता तो या भाड्याचा. पण खर्च तिथे संपत नाही. प्रवेश फी वेगळी. टायर किती मिळणार ते विचारावं लागतं. सरावाचे दिवस वेगळे, आणि खरा फरक तिथेच पडतो: गाड्या सगळ्यांच्या सारख्या असल्या तरी ज्याच्याकडे पैसे आहेत तो शर्यतीआधी दहा दिवस सराव करून येतो आणि आपण शुक्रवारी सकाळी पोचतो. आणि सगळ्यात शेवटी, न विचारता कुणी न सांगणारी गोष्ट: गाडी ठोकली तर नुकसान तुमचं. एका संघाने आम्हाला अतिशय गोड आकडा दिला होता. मी तिसऱ्या फोनवर नुकसानीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की आगाऊ अनामत रक्कम भाड्याच्या निम्म्याने आहे आणि ती परत कधी मिळते याबद्दल कागदावर काही नाही. अनुवादाच्या करारात अशी कलमं मी ओळखायला हवी होती, इथे ओळखली.

एवढं झाल्यावर मला कळलं की परवडणारा वर्ग कोणता हे भाड्याच्या आकड्यावरून ठरत नाही. पुढचं चाक धरणारी एक दांडी वाकली तर ती नवी कितीला पडते, कुठून येते, शनिवारी वाकली तर रविवारी मिळते का, हे विचारायचं. ट्रॅक घरापासून किती लांब आहे ते बघायचं. त्या वर्गात किती गाड्या सुरुवातीला उभ्या राहतात ते मोजायचं, कारण सहा गाड्यांच्या शर्यतीत तिसरं येऊन मूल काहीच शिकत नाही.

मी हे सगळं लेकीसमोर मांडलं, आणि मग प्लॉटचंही सांगितलं. दादाने सांगू नको म्हटलं होतं, पण मला ते जमलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीपासून घरातला एवढा मोठा व्यवहार लपवला तर तो तिच्या सीटखाली जाऊन बसतो असं मला वाटलं. वाटलं होतं ती आनंदाने उडी मारेल. ती बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "प्लॉट नको, बाबा. प्लॉट विकलास तर मी ब्रेक लवकर मारीन."

मला पहिल्यांदा कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. वळणाआधी ब्रेक कुठे मारायचा ही जागा प्रत्येक फेरीत थोडी थोडी पुढे ढकलायची असते. ती पुढे ढकलताना कधीतरी चुकणार, गाडी बाहेर जाणार. चुकल्याशिवाय ती जागा सापडत नाही. पण चुकलं तर किती पैसे गेले हे डोक्यात असेल तर पाय आपोआप आधीच पडतो. "मग मी नुसती फिरून येईन," ती म्हणाली. "प्लॉटमध्ये बसून."

मी इतके दिवस हिशेब उलट्या बाजूने करत होतो. आपल्याला काय विकत घेणं परवडतं हे मी बघत होतो. तिला काय हरणं परवडेल हे बघायला हवं होतं. पैशांनी भरलेली गाडी मूल चालवत नाही. ते तिला जपत असतं. जिच्यात हरून घरी आल्यावर घर तसंच असेल, ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर तेच भाव असतील, ती गाडी आमच्या ऐपतीतली. 'परवडणं'चा तो दुसरा अर्थच इथे पहिला होता.

मे महिन्यात आम्ही कोइमतूरला गाडी बघायला गेलो. होसूर, कृष्णगिरी, सेलम करत साडेतीनशेच्या वर किलोमीटर. दादा बेळगावहून आदल्या रात्रीच येऊन राहिला होता. त्याला रेसिंगमधलं काही कळत नाही, पण लोखंडातलं सगळं कळतं. संघाच्या शेडमध्ये गाडी वरचं आवरण काढून घोडीवर ठेवलेली होती. दादा तिच्याभोवती एकदा फिरला, गुडघ्यावर बसला, पुढच्या चाकाच्या दांडीवरचं वेल्डिंग अंगठ्याने चाचपलं. त्याचा चेहरा बदलला. अंगणात आपल्या ओळखीचं माणूस दिसावं तसा. मला म्हणाला, "हे मी करतो की. आणि याच्यापेक्षा बरं करतो."

संघाचा मॅनेजर तमिळ होता, पण त्याला भाव कळला. त्याने हसून सांगितलं की ते चालत नाही. सगळ्या गाड्यांचे भाग एकाच ठिकाणाहून यायला हवेत. शर्यतीनंतर तपासणी होते. दांडी घरची निघाली तर निकाल रद्द. मी हे दादाला मराठीत सांगितलं. मला वाटलं तो हिरमुसेल. त्याने हात पुसले आणि थोडा विचार करून म्हणाला, "बरोबर आहे की. मग माझ्यापेक्षा मोठा लेथ असलेल्याचा पण लेथ चालत नाही." चाळीस वर्षांत मी समान संधीवर बरंच वाचलं आहे. याच्याहून नेमकं काही आठवत नाही.

परतीच्या वाटेवर मीच नको तो प्रश्न काढला. लेकीला विचारलं, की हे सगळं ठीक, पण याच्या पुढे काय? एलजीबी गाडीला कुठे शिडी लावलेली नाही. ती जगाच्या शर्यतीत कुठे मोजली जात नाही. दोन-तीन वर्षं खेळून, अगदी जिंकूनसुद्धा, फार तर कोइमतूर आणि मद्रासच्या पॅडॉकमधल्या माणसांना तुझं नाव माहीत होईल.

ती मागच्या सीटवर होती. भांडणाच्या सुरात बोलली नाही, खरोखरच विचारलं. "तुझ्या पुस्तकांच्या पुढे काय असतं?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. सेलमचे डोंगर आले होते.

मी गेली वीस वर्षं कन्नड कथा-कादंबऱ्या मराठीत आणतो. पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची असते आणि तिचं दुसरेपण क्वचित येतं. त्यातून कुठल्या मोठ्या भाषेत, मोठ्या बक्षिसाकडे जाणारी शिडी नाही. कुणी मला इंग्रजीत अनुवाद करायला सांगितलं तर तिथे मानधन जास्त आहे, आणि माझा पाय ब्रेकवर आहे. मराठीत मी चुकलो आहे, एका अख्ख्या कादंबरीचा सूर चुकवला आहे, आणि पुढचं पुस्तक घेऊन पुन्हा बसलो आहे. पाचशे वाचकांत ते परवडतं. सांगली, बेळगाव, सोलापूरहून कधीतरी एखादं पत्र येतं, की अमुक पानावरचा शब्द तुम्हाला सापडला नाही, आमच्याकडे त्याला असं म्हणतात. त्या पत्रांसाठीच मी हे करत आलो आहे. मग मुलीला शिडीबद्दल विचारायचा मला काय अधिकार?

मी म्हटलं, "पुढे पुढचं पुस्तक असतं."

"मग तसंच," ती म्हणाली, आणि कानात इअरफोन घातले.

हे सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. ज्यांची मुलं खरोखर त्या दरवाजापर्यंत जाण्याच्या ताकदीची असतात, आणि ज्यांच्याकडे प्लॉटही नसतो, त्यांना माझं हे समाधान कदाचित चीड आणेल. कार्टिंगमध्ये लेकीबरोबर असलेला एक मुलगा तिच्याहून स्पष्टपणे वेगवान होता. त्याच्या वडिलांचा छोटा धंदा आहे. तो मुलगा यंदा कशातच नाही. आमच्यासाठी दुसरी ओळ तरी होती, त्याच्यासाठी तीही लांब होती. परवडणाऱ्या वर्गातसुद्धा 'कुणाला' हा प्रश्न सुटत नाही, फक्त थोडा खाली सरकतो. ट्रॅकवर त्याची आठवण निघाली की लेक विषय बदलते.

पावसाळ्यात कारी स्पीडवेवर तिची पहिली शर्यत झाली. दोन किलोमीटरच्या जरा वरचा आखूड ट्रॅक. वळणं लगेच लगेच येतात आणि गाड्या एकमेकींना सोडत नाहीत. कार्टमध्ये तिला गियर नव्हते, इथे पहिल्या दोन फेऱ्यांत तिने एकदा चुकीचा टाकला आणि चार जणांनी गाठलं. मग हळूहळू ती परत वर सरकू लागली. बायको स्टँडमध्ये डोळे मिटून बसली होती आणि मला दर फेरीला "आली का?" विचारत होती. सातव्या फेरीत एका वळणावर लेकीने ब्रेक उशिरा मारला. मला तेवढं आता कळतं. ती समोरच्याच्या मागच्या चाकाला घासून गवतात गेली, फिरली, आणि पुन्हा ट्रॅकवर आली. पुढचं चाक तिरकं दिसत होतं. तशीच शेवटपर्यंत चालवली.

गाडीतून उतरल्यावर ती माझ्याकडे आली ती दांडीकडे बोट दाखवतच. चेहऱ्यावर घाम, आणि मला ओळखीची असलेली ती जुनी, वाढदिवसाच्या दिवशीची नजर. मी काहीतरी म्हणणार, एवढ्यात तीच आमच्या बेंगळुरूच्या पद्धतीने म्हणाली, "परवागिल्ल, बाबा." असू दे, काही हरकत नाही, चालतंय, या सगळ्याला इथे मिळून हा एक शब्द आहे. मी आजवर त्याचा समाधानकारक अनुवाद करू शकलेलो नाही. त्या संध्याकाळी करायची गरज पडली नाही.

बिल सोमवारी आलं. दांडी, पुढचं नाकाड, मजुरी. बायकोने फायलीत लावलं.

रात्री दादाचा फोन आला. "कितवी आली?"

"अकरावी."

"किती गाड्या?"

"बावीस."

"मग मधोमध आहे की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर समाधान होतं. मग थोडं थांबून, "त्या दांडीचे किती घेतले?"

मी आकडा सांगितला. पलीकडे शांतता. मागे वर्कशॉपमधला एखादा लेथ चालू असावा, त्याची घरघर ऐकू येत होती.

"एवढे?" तो म्हणाला. "मी तर..."

"चालत नाही, दादा."

"होय रे, माहीत आहे," तो म्हणाला. "नुसता हिशेब सांगतोय."